घाणेरीचा कुलवृत्तांत

आपापल्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापून काढण्याची हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगलीच मुरली आहे. मूळ पुरुष कोण, तो कोंकणांतून अथवा देशावरून कोणत्या सालीं निघाला, कोणत्या सरदाराच्या पदरीं राहिला, वंशाच्या शाखा कोठें कोठें पसरल्या, यांचीं टिपणें जमवून चार-दोन शतकांची संगति लावण्यांत पुष्कळ विद्वान गृहस्थांचीं निवृत्तीनंतरचीं वर्षें सुखानें जातात. हा उद्योग मला मनापासून आवडतो. इतिहासाच्या अध्यापकाला तो आवडावा यांत नवल तें काय? प्रस्तुत लेखांत अशाच एका कुळाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. मात्र हें कुळ मनुष्यांचें नाहीं. सातपुड्याच्या पायथ्यापासून निलगिरीच्या माथ्यापर्यंत त्याची जितकी वस्ती आहे तितकी आपल्यांतील कोणत्याहि घराण्याची नसेल. आणि तरीहि त्याचा मूळ पुरुष या देशांत उतरल्यास अजून सव्वादोनशें वर्षेंहि पुरीं झालेलीं नाहींत.

धुळ्याहून आग्र्याच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे सोनगीर मागें पडल्यावर नरडाणा हें गांव येतें. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि सुरतेहून भुसावळाकडे जाणारा तापी खोऱ्यांतील लोहमार्ग यांची येथें गांठ पडते. लोहमार्ग झाला तो १९०० च्या सुमारास. रस्ता त्याहून पुष्कळ जुना. अलीकडे गांवाजवळ औद्योगिक वसाहत झाली आहे, आणि अशा वसाहतींतून आढळतात तशा हिरवळी व फुलांचे वाफे राखण्याची चाल इकडेहि आली आहे. या मुलुखाचें मूळचें वनस्पतिधन मात्र निराळें. तें जाणावयाचें असल्यास गांवांचीं नांवें पाहावीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं स्थलनामें हें इतिहासाचें साधन मानून त्यांचा छडा लावला, आणि १९२६ सालीं त्यांचा अंत झाला तोहि धुळ्यासच. पळासनेर, पिंपळनेर, बोराडी हीं नांवें उच्चारतांच पळस, पिंपळ, बोर डोळ्यांपुढें उभीं राहतात. घाणेरी आली तोंवर गांवें वसून नांवें पडून गेलीं होतीं. आज ओढ्याकांठीं, पडक्या कुंपणांतून, आणि सातपुड्याच्या चढणीवर तर कोठेंहि, पिवळ्या-गुलाबी गुच्छांचें तें कांटेरी झुडूप आढळतें. नवख्याला वाटावें कीं हें येथलेंच.

नांवापासून आरंभ करूं. पान चुरगळलें कीं जो उग्र दर्प येतो त्यावरून घाणेरी हें नांव पडलें, हें सांगावयास नको. कोणी तिला टणटणी म्हणतात. शास्त्रीय नांव लांटाना कामारा. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत तें कायम केलें. यांतील लांटाना हा शब्द मुळांत युरोपांतील एका निराळ्याच झुडपाचें जुनें लॅटिन नांव. फुलांच्या साम्यावरून तो हिला चिकटला. कामारा हा मात्र ब्राझिलकडील देशी शब्द. म्हणजे आडनांव उसनें आणि नांव तेवढें माहेरचें, असा प्रकार झाला. दत्तकविधानानें कुळें कशीं बदलतात हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस यांत विशेष वाटणार नाहीं.

माहेर मध्य व दक्षिण अमेरिकेंतील उष्ण प्रदेश. सतराव्या शतकांत ब्राझिलचा ईशान्येकडील किनारा कांहीं वर्षें डच लोकांच्या ताब्यांत होता, आणि १६३७ पासून १६४४ पर्यंत योहान मॉरिट्स नांवाचा एक उमराव तेथें गव्हर्नर होता. हा मनुष्य केवळ साखर आणि गुलाम यांचा हिशेब पाहणारा नव्हता. त्यानें आपल्याबरोबर चित्रकार व पंडित नेले, आणि त्यांपैकीं पिसो व मार्कग्राफ या दोघांच्या नांवें ब्राझिलच्या निसर्गाचें वर्णन करणारा मोठा ग्रंथ १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. याच सुमारास घाणेरी हॉलंडांत पोंचली असें मानण्यांत येतें. त्या काळीं डचांचें फुलांचें वेड शिगेस पोंचलें होतें. हिंवाळ्यांत बर्फ पडणाऱ्या त्या देशांत हें उष्ण प्रदेशांतील झुडूप कांचघरांत ठेवून जपावें लागे. आणि जपलेल्या गोष्टीवर हौशी लोकांचे प्रयोग व्हावयाचेच. पुढील दोन शतकांत युरोपांतील माळ्यांनीं निरनिराळ्या जातींचे संकर करून पिवळी, नारिंगी, गुलाबी, लाल, पांढरी अशा नाना रंगांची घाणेरी तयार केली. आज आपल्या रानांत जी पसरली आहे ती अमेरिकेच्या जंगलांत जशीच्या तशी सांपडत नाहीं. ती बागेंत घडलेली आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचा मोठा संबंध येणार आहे.

या फुलाचें एक कौतुक येथेंच सांगून टाकतों. फ्रिट्झ म्यूलर नांवाचा जर्मन पंडित १८५२ सालीं मायदेश सोडून ब्राझिलांत स्थायिक झाला होता. डार्विनशीं त्याचा दीर्घ पत्रव्यवहार असे. त्यानें पाहिलें कीं घाणेरीचें फूल तीन दिवस टिकतें. पहिल्या दिवशीं तें पिवळें असतें, दुसऱ्या दिवशीं नारिंगी, तिसऱ्या दिवशीं जांभळट. फुलपांखरें येतात त्यांतील पुष्कळशीं पहिल्या दिवसाच्या पिवळ्या फुलांतच सोंड घालतात. मग जुनीं फुलें गळून कां पडत नाहींत? म्यूलरचें म्हणणें असें कीं तीं गुच्छाला शोभा आणतात, दुरून फुलपांखरांस बोलावतात. आणि त्यांना रंगावरून मधाचें घर नेमकें कळत असल्यामुळें त्यांची खेपहि फुकट जात नाहीं. हें निरीक्षण १८७७ सालीं 'नेचर' या इंग्रजी नियतकालिकांत छापलें गेलें. एकाच गुच्छांत कडेला गुलाबी आणि मधें पिवळीं फुलें कां, हा प्रश्न आपल्याकडील शाळेंत जाणाऱ्या मुलांसहि पडतो. त्याचें उत्तर हें. ज्या रूपाला युरोप भुलला तें केवळ रूप नव्हे, तो त्या झुडपाचा व्यवहार आहे.

हिंदुस्थानांत ती आणली ईस्ट इंडिया कंपनीनें, आणि तिचें पहिलें बिऱ्हाड कलकत्त्याच्या बागेंत झालें. शिबपूरची ही प्रसिद्ध बाग १७८७ सालीं रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्यानें स्थापिली. किडनें कंपनीकडे जो प्रस्ताव केला त्यांतील हेतु मोठा प्रशंसनीय होता. केवळ नवलाच्या वनस्पति गोळा करण्यासाठीं ही बाग नको, तर दुष्काळांत अन्न देतील, व्यापारास उपयोगीं पडतील अशीं झाडें वाढवून तीं देशभर पसरविण्यासाठीं हवी, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें १७९३ पासून १८१३ पर्यंत ही बाग विल्यम रॉक्सबर्ग याच्या हातीं होती. आपल्या वनस्पतींचा एवढा मोठा अभ्यासक त्या काळीं दुसरा झाला नाहीं. त्याच्याच कारकीर्दींत, १८०७ च्या सुमारास, घाणेरी तेथें लावली गेली. तिला अन्न म्हणून आणली नव्हती, व्यापारी माल म्हणूनहि नव्हे. ती दिसण्यांत चांगली म्हणून आली. किडच्या बागेंतून जीं जीं झाडें देशांत गेलीं त्यांत सर्वांत दूरवर पोंचलेल्यांत या निरुपयोगी सुंदरीची गणना करावी लागते.

कलकत्त्यापासून पुढचा तिचा प्रवास छावण्यांच्या मार्गानें झाला. जेथें पलटण तेथें छावणी, जेथें छावणी तेथें बंगला, आणि जेथें बंगला तेथें बाग, हा एकोणिसाव्या शतकांतील साहेबी संसाराचा क्रमच होता. बंगल्याच्या आवाराला कुंपण हवें असे, आणि कुंपणाला घाणेरीहून सोयीचें झाड मिळणें कठीण. ती दाट वाढते, कातरली तरी पुन्हां फुटते, कांटे असल्यामुळें कोणी आंत शिरत नाहीं, आणि मुख्य म्हणजे गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत. थोडें पाणी मिळालें कीं बारा महिने फुलते. साहेबांचें पाहून आपल्यांतील वकील-डॉक्टरांनींहि आपल्या आवारांत ती लावली, हें कबूल केलें पाहिजे. दोष सगळा समुद्रापलीकडे ढकलून देणें इतिहासाला शोभणार नाहीं. फुलांमागून हिरव्या फळांचे घोस येतात, पिकल्यावर तीं काळीं-निळीं, गुळचट होतात. बुलबुल आणि साळुंक्या तीं आवडीनें खातात, आणि बीं कुंपणाची हद्द ओलांडून ओढ्याला, ओढ्यावरून माळाला, माळावरून रानाला जातें.

पण नुसतें बीं पडल्यानें कोणी राज्य करीत नाहीं. भूमि तयार असावी लागते. घाणेरीला ऊन हवें. दाट, जुन्या, सांवलीच्या अरण्यांत तिचें फारसें चालत नाहीं. झाडें तुटून जेथें उजेड खालपर्यंत आला तेथें ती फोफावते. आणि खानदेशाच्या इतिहासांत एकोणिसावें शतक म्हणजे उजेड पडण्याचें शतक. १८१८ सालीं पेशवाई बुडून कॅप्टन ब्रिग्ज हा खानदेशचा कारभार पाहूं लागला तेव्हां हा प्रांत लुटालुटीनें व दुष्काळानें ओस पडला होता, शेतांतून रान माजलें होतें आणि वाघांचा उपद्रव भारी होता. नव्या सरकारचें पहिलें धोरण रान हटवून जमीन लागवडीस आणण्याचें, आणि १८२५ सालीं औट्रम यानें उभारलेल्या भिल्ल पलटणीच्या साह्यानें डोंगरांत बंदोबस्त करण्याचें होतें. पुढें १८६० नंतर मुंबईकडून रेल्वे खानदेशांत आली. तिला रुळाखालीं घालावयास लांकूड हवें, इंजिनास सरपण हवें. त्याच वर्षांत, १८६१ पासून १८६५ पर्यंत, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाचा भाव आकाशाला भिडला आणि काळ्या जमिनीचा कोपरा न् कोपरा नांगराखालीं आला. जंगल मागें हटत हटत सातपुड्यावर गेलें. मग सरकारला जंगलाची आठवण झाली; १८७८ चा जंगल कायदा झाला, राखीव क्षेत्रांच्या हद्दी पडल्या, आणि भिल्ल, पावरा, कोकणा या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटी गुन्ह्यांच्या यादींत जाऊन बसल्या. साग तोडून झालेल्या उघड्या उतारावर कोण येऊन उभें राहणार याची तरतूद मात्र त्या कायद्यांत नव्हती.

घाणेरी त्या मोकळ्या जागीं शिरली. तिच्या दाट जाळ्याखालीं दुसरें रोप उगवत नाहीं. सागाचीं, तिवसाचीं, धावड्याचीं रोपें तिच्या सांवलींत गुदमरतात. गवत जातें. गवत गेलें कीं गुरांचें काय होणार? भुकेलें जनावर नाइलाजानें घाणेरीचीं पानें खातें, आणि त्यांत यकृताला घातक असें विष आहे. जनावराला कावीळ होते, ऊन सोसत नाहीं, नाकपुड्यांवरची व अंगावरची कातडी उन्हानें भाजल्यासारखी सोलते, आणि पुष्कळदां तें दगावतें. दुष्काळी वर्षीं हें अधिक घडतें, कारण त्या वर्षीं हिरवें असें तेवढेंच शिल्लक राहतें. ज्यांनीं हें फूल शोभेसाठीं लावलें त्यांच्या गोठ्यांतील बैल यानें मेला नाहीं. ज्यांचा मेला त्यांच्या अंगणांत कधीं शोभेची बाग नव्हती. या कुलवृत्तांतांत मला सर्वांत टोंचणारी बाब हीच आहे.

उपद्रव ध्यानांत येण्यास सरकारलाहि वेळ लागला नाहीं. कुर्गांत कॉफीच्या मळ्यांभोंवतीं घाणेरीनें असा कहर केला कीं १९१४ सालीं तेथें उपद्रवी तणांसाठीं स्वतंत्र कायदा करावा लागला. बंगालचा अनुभव याच जातीचा. जलपर्णी ही जांभळ्या फुलांची तरती वनस्पति एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेकरितां आणली गेली, आणि १९३६ सालीं बंगाल सरकारला तिच्या नांवाचा कायदा करणें भाग पडलें. ती पुढें आपल्या तापीलाहि भेटली. सुरतेपाशीं नदीचें पात्र तिनें हिरवें झाल्याची तक्रार वारंवार होते.

कायद्यानें झुडूप हटत नाहीं, म्हणून कीटकांचा आश्रय करण्यांत आला. यासंबंधीं हवाई बेटांची कथा फार मौजेची आहे आणि तिचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. तेथें हिलेब्रँड नांवाचे एक जर्मन डॉक्टर होते. वनस्पतींचे मोठे शोकी. त्यांनीं १८५८ सालीं घाणेरी शोभेसाठीं नेली. पुढें सात वर्षांनीं पिकांवरील अळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठीं त्यांनींच हिंदुस्थानांतून साळुंकी नेली. साळुंकीनें अळ्या खाल्ल्या असतीलच. परंतु तिला घाणेरीचीं फळें ओळखीची निघालीं, आणि तिनें तिचें बीं डोंगरभर नेऊन टाकलें. एकाच गृहस्थानें अमेरिकेंतून झुडूप आणि आपल्याकडून पक्षी नेऊन पॅसिफिक महासागराच्या मध्यावर त्यांचा संसार थाटून द्यावा, हा योग विलक्षण खरा. अखेर १९०२ सालीं आल्बर्ट केबेले या कीटकशास्त्रज्ञास मेक्सिकोंत पाठवून घाणेरीवर जगणारे किडे हवाईंत आणण्यांत आले. मुद्दाम परदेशांतून किडे आणून तणावर सोडण्याचा एवढा मोठा, योजनाबद्ध प्रयत्न जगांत हा पहिलाच होय.

आपल्याकडे तर याहून जुना एक अनुभव पदरीं होता, तोहि अपघातानें आलेला. १७९५ सालीं कंपनीच्या इच्छेवरून किरमिजी रंग देणारे किडे ब्राझिलहून आणले गेले. ते भलत्याच जातीचे निघाले. रंग निकृष्ट आला आणि कंपनीचा पैसा बुडाला. पण त्या किड्यांनीं निवडुंगाची एक जात पुष्कळ प्रदेशांतून अक्षरशः फस्त केली. पुढें १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दुसऱ्या जातीचे किडे आणून सोडले, तेव्हां दक्षिणेंत हजारों एकर जमीन अडवून बसलेला फड्या निवडुंग थोड्या वर्षांत नाहींसा झाला. ज्यांच्या आजोबांनीं गांवाभोंवतीं निवडुंगाचे तट पाहिले होते त्यांच्या नातवांस ते कोठें गेले हें ठाऊकहि नाहीं.

घाणेरीच्या बाबतींत मात्र ही युक्ति फसली. १९२१ सालीं हवाईहून तिच्या फळांतील बियांवर जगणारी एक बारीक माशी आणली. ती येथें टिकली, पण घाणेरीचें कांहीं अडलें नाहीं. मग १९४१ सालीं ऑस्ट्रेलियाहून पानांतील रस शोषणारा, जाळीदार पंखांचा एक ढेकणासारखा किडा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेंत आणला. तेथें बंद जागेंत परीक्षा करतांना आढळलें कीं तो सागाच्या फुलांवरहि बसतो. साग म्हणजे जंगल खात्याचा प्राण! किडे नष्ट करण्याचा हुकूम झाला. हुकूम अंमलांत येण्यापूर्वींच कांहीं निसटले असावेत, कारण दहाएक वर्षांनीं ते बाहेरच्या रानांत आढळले आणि नंतर देशभर पसरले. सुदैवानें सागाची हानि झाली नाहीं. घाणेरीचीहि झाली नाहीं. ऑस्ट्रेलियानें शंभर वर्षांत तीसएक जातींचे किडे सोडून पाहिले, तरी तेथेंहि ती आहेच. याचें एक मोठें कारण वर सांगितलेंच आहे. माळ्यांनीं जिचे नाना संकर करून ठेवले तिची अमुक एक अशी जात राहिली नाहीं. मूळच्या एका जातीवर पोसलेला किडा या संकरांपुढें गोंधळतो. शिवाय वरची पानें खाल्लीं तरी मुळापासून ती पुन्हां फुटते.

आज हें कुळ किती वाढलें आहे? डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेंतील संशोधकांनीं वाघांच्या गणनेच्या निमित्तानें देशांतील जंगलें पायीं तुडवून जमविलेल्या नोंदींवरून २०२० सालीं अनुमान काढलें कीं सुमारें १,५४,००० चौरस किलोमीटर वनक्षेत्रांत घाणेरी पसरली आहे. आपल्या सबंध महाराष्ट्राचें क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढें हें राज्य झालें. तिला हटविण्याचा जो उपाय त्यांतल्या त्यांत खात्रीचा ठरला तो दिल्ली विद्यापीठांतील प्राध्यापक सी. आर. बाबू यांनीं दाखविला. वरून कापूं नये, ओढून काढूं नये. जमिनीखालीं थोड्या खोलीवर मुख्य मूळ तोडावें, झुडूप उलटें करून वाळूं द्यावें, आणि ती जागा ताबडतोब देशी गवतानें भरून काढावी. काम कष्टाचें आहे आणि नंतर दोन-तीन वर्षें पाळत ठेवावी लागते. दक्षिणेकडे आदिवासींनीं तिच्या काड्यांच्या टोपल्या, खुर्च्या आणि टेबलें केलीं. निलगिरीकडील कारागिरांनीं तर तिचे पूर्ण आकाराचे हत्ती विणले, आणि ते २०२१ सालीं लंडनच्या उद्यानांत मांडले गेले. युरोपांतून निघालेलें झुडूप दोनशेंहून अधिक वर्षांनीं हत्ती होऊन युरोपांत परतलें! गंमत म्हणून हें ठीक आहे. पण एवढ्यानें अर्धा महाराष्ट्र मोकळा होत नाहीं.

झुडपाखालीं नेमकें काय मरतें, हें आपणां शहरी मंडळींस समजावें म्हणून एक उदाहरण देतों. साक्री तालुक्यांत बारीपाडा हा कोकणा लोकांचा लहानसा पाडा आहे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें तेथल्या लोकांनीं तीनचार दशकें शेंकडों एकर रान राखलें. २०२५ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. या पाड्यावर दर वर्षीं वनभाज्यांचा उत्सव भरतो. रानांतून खुडून आणलेल्या कंद, पाला, शेंगा, फुलें यांच्या भाज्या बायका रांधून मांडतात, आणि त्यांचीं नांवें पाहुण्यांस सांगतात. त्यांतील पुष्कळशा वनस्पति जमिनीलगत, पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या. कमरेइतक्या घाणेरीच्या जाळींत त्यांतील एकहि उगवणार नाहीं. रानाच्या तळाची ही श्रीमंती लांकडाच्या घनफुटांत मोजली जात नसल्यामुळें तिचा तोटा कोणत्याहि अहवालांत दिसत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग परदेशी झाडें सगळींच वाईट कीं काय? तसें म्हणणाऱ्यानें प्रथम आपल्या ताटांतील मिरची, बटाटा व टोमॅटो काढून ठेवावे, दसऱ्याला दारावर झेंडू बांधूं नये, आणि सीताफळ व पेरू यांचा त्याग करावा. हीं सर्व अमेरिकेचीं. रस्त्याकडेचा गुलमोहोर मादागास्करचा. हें परदेशी लोक आपल्यांत सुखानें नांदतात, कारण ते लावावे तेव्हां येतात आणि न लावल्यास बहुधा हटतात. कुळ कोठलें याचा प्रश्न नाहीं, वागणूक कशी याचा आहे. आणि वागणुकीची चौकशी घरांत घेण्यापूर्वीं करावयाची असते. आपल्याकडे सोयरिकी जमवितांना जेवढी करतात त्याच्या दहावा हिस्सा चौकशी बागेच्या रोपांबाबत झाली तर पुरे.

हें आतांच म्हणण्याचें कारण आहे. घाणेरीची एक धाकटी बहीण सध्यां रोपवाटिकांतून विकली जाते. ती उभी वाढत नाहीं, जमिनीवर लोळत पसरते, आणि जांभळ्या गुच्छांनीं उतार झांकून टाकते. तिचें शास्त्रीय नांव मोंटेव्हिडिओ शहरावरून पडलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतांत तिनें कुरणें व्यापलीं आणि तिचा पालाहि जनावरांस बाधतो. दुसरी वेडेलिया. कारखाने, रुग्णालयें, महाविद्यालयें यांच्या आवारांत जमीन हिरवी राखण्यासाठीं हल्लीं हिलाच मोठी मागणी. चकचकीत पानें, सूर्यफुलाच्या पिलासारखीं पिवळीं फुलें, ऊन चालतें, सांवली चालते, कातरावयास नको. कंत्राटदारास आणखी काय पाहिजे? आपल्या पिवळ्या माक्याची ही मध्य अमेरिकेकडील चुलत बहीण, आणि दक्षिण चीनमध्यें तेथल्या माक्याशीं तिचा संकर झाल्याचेंहि आढळलें आहे. जागतिक निसर्गसंरक्षण संघानें जगांतील शंभर सर्वांत उपद्रवी परदेशी जीवांची जी यादी केली तींत घाणेरीबरोबर हिचेंहि नांव आहे. हिला पक्ष्याची गरज नाहीं. जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेऱ्याला मूळ फुटतें, आणि बोटभर तुकडा ओल्या मातींत पडला तरी त्याचें नवें बेट होतें.

नरडाण्यासारख्या ठिकाणीं, जेथें नव्या वसाहतींचीं आवारें अजून आंखलीं जात आहेत, तेथें काय लावावें याचा निर्णय करणाऱ्यांस दूर जावयास नको. दूर्वा आहेत. ओलीच्या जागीं माका आहे. कोरड्या मुरमाड जमिनींत विष्णुक्रांता आपण होऊन येते. तिचीं नखाएवढीं निळीं फुलें सकाळीं उमलतात, आणि पायाखालीं तुडविली तरी ती तक्रार करीत नाहीं. वेडेलिया आधींच लागली असल्यास तिची छाटणी कोठें टाकली जाते एवढें तरी पाहावें. बहुतेक ठिकाणीं माळी ती गोळा करून कुंपणाबाहेरच्या नाल्यांत टाकतो. आषाढांतल्या पहिल्या मोठ्या पावसानें नाला भरतो, आणि या बाजूचे सगळे नाले तापीला मिळतात.